टाचेखालचे चिंचोके

शामलाच्या अंगात देवी येते हे सातऱ्यावरच्या सगळ्या बायांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त देवीला आणि शामलाला.

सातरा म्हणजे मिरची वाळवायचं आणि निवडायचं आवार. आमचा सातरा हुडकेश्वरच्या वाटेवर होता. तेव्हा तिकडे घरं कमी आणि वावरं जास्त. शहरातल्या इतवारीच्या बाजारातल्या ताराचंद सेठची मिरची भिवापूरकडून ट्रक भरून यायची आणि आम्ही बाया रांगेत बसून तिचे देठ खुडायचो. हाताला जवसाचं तेल चोपडायचं, नाकाला पदर बांधायचा आणि कामाला लागायचं. पदर नाकाला असला तरी तोंड कोणाचंच बंद नसायचं. माझं तर मुळीच नाही. सिंधूचं तोंड आणि भिवापूरची मिरची, असं मुकादम रुपराव म्हणायचा, आणि ते मला आवडायचं.

शामला मात्र बोलत नसे. विशीची पोरगी, हुडकेश्वरच्या शेतकरी घरातली. आई रुखमाबाईसोबत कामाला यायची. तिला कलकल सहन होत नसे. कोणी एकदम हसलं तरी दोन्ही हात कानावर जायचे. म्हणून रुखमाबाईनं शेवटच्या कोपऱ्यात तिच्यासाठी बांबूचा तट्ट्या उभा केला होता. त्याच्याआड शामला भिंतीकडे तोंड करून बसायची. कानात कापूस, वरून घट्ट फडकं, आणि टाचेखाली चिंचोके भरलेली जुन्या लुगड्याची थैली. टाचेनं थैली घोळवत ती मागे-पुढे झुलायची आणि त्या झुलण्याच्या ठेक्यात देठ तुटत जायचे. तिच्या ढिगात फुटलेली मिरची शोधूनही सापडायची नाही.

झुलणारी बाई आमच्याकडे दोनच प्रकारची, एक येडी आणि दुसरी देवीची. आधीच्या सातऱ्यावर शामलाला येडी ठरवून हाकललं होतं. इथे बायजाबाईनं तिला पहिल्यांदा झुलताना पाहिलं आणि हात जोडले, "हिच्या अंगात बाई हाय." बायजाबाई आमच्यात सगळ्यांत जुनी. तिचा शब्द मुकादमही खाली पडू देत नसे. झालं, शामला देवीची ठरली. दर मंगळवारी तट्ट्यापाशी नारळ फुटायला लागला आणि त्या कोपऱ्याजवळ कोणी आवाज चढवेना.

आता मी बौद्ध घरातली. छप्पन साली बापानं मला खांद्यावर बसवून दीक्षेला नेलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात देव नाहीत आणि अंगात येणं तर नाहीच नाही. एकदा मी घरी जाताना रुखमाबाईला सरळ विचारलं, खरंच देवी आहे का म्हणून. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"देवी असन नाहीतर नसन," ती म्हणाली. "कोपरा हाय ना? मंग तू तोंड बंद ठेव."

आणि मी तोंड बंद ठेवलं, जे मला जन्मात कधी जमलं नव्हतं.

पुढे सातऱ्यावर टिनाचं शेड उभं राहिलं आणि शेडात एक मोठा विजेचा पंखा आला. मिरचीतली धूळ आणि सुटं बी उडवायला. सेठच्या डोक्यातून निघालेलं खूळ. टिनाखाली तो सुरू झाला की छत, भिंती आणि तोंडातले दात सगळं थरथरायचं. बाया म्हणाल्या, होईल सवय. त्यांना झालीही असेल. मला होईना. दुपार झाली की डोकं असं भणभणायचं की हात जागच्या जागी थांबायचे. मिरची हातात, देठ डोळ्यांसमोर, आणि खुडायचं कसं तेच सुचायचं नाही. रडू यायचं, आणि रडणाऱ्या बायांची मला भारी चीड. मग मी कोणावर तरी खेकसायचे.

"सिंधू, तुह्याच्यानं काम होऊन नाही राहिलं," रुपराव एकदा म्हणाला. "सेठ विचारन तं मी काय सांगू?" माणूस वाईट नव्हता, पण सेठचं नाव निघालं की त्याची बोबडी वळायची.

त्याच दुपारी माझी नजर शेडातल्या कोपऱ्याकडे, तट्ट्याच्या कडेनं आत गेली. एवढ्या धडधडाटात शामला निवांत झुलत होती आणि तिचा ढीग वाढत होता. मी पाहत राहिले. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

थैली माझी मी शिवली. जुनं लुगडं माझं, चिंचोके आमच्या दारच्या चिंचेचे. शामलाच्या थैलीला मी बोट लावलं नाही हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यावरूनच महाभारत झालं. कोपऱ्यातही गेले नाही. रांगेत माझ्या जागेवर बसले, कानात कापूस घातला, थैली टाचेखाली घेतली आणि घोळवायला लागले. आधी हसू आलं. मग अंग आपोआप झुलायला लागलं. छातीत आवळलेलं काहीतरी हळूहळू सुटत गेलं. पंखा होताच, पण तो आता माझ्या डोक्याबाहेर होता. संध्याकाळी माझा ढीग पाहून रुपरावनं मान डोलावली आणि मी घरी गाणं गुणगुणत गेले.

बायजाबाईच्या नजरेतून ते सुटणार नव्हतंच. "काय वं सिंधू," तिनं भर रांगेत विचारलं, "तुह्या अंगात बाई कधीपासून याले लागली? तुमी तं देव सोडले ना?"

"अंगात कोणी नाही आलं, बायजाबाई. बरं वाटते म्हणून हलून राहिलो."

"बरं वाटते म्हणून कोणी झुलते काय? तू देवीची नक्कल करून राहिली!"

"नाहीतर मंग," बाजूची कुसुमताई मिरची खुडता खुडता म्हणाली, "त्या पोट्टीचंबी असंच असन. बरं वाटते म्हणून."

कुसुमताई काही दुष्ट बाई नव्हती, बोलून गेली. पण तेवढं पुरलं. सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या. इतके मंगळवार नारळ फोडले ते काय नाटकापुढे? बायजाबाईचा चेहरा मिरचीपेक्षा लाल झाला. आरडाओरडा वाढला, रुपराव धावत आला, आणि त्यानं त्याच्या बुद्धीप्रमाणे न्याय केला. देवी खरी का खोटी ते देवीनं पाहावं, सातऱ्यावर सगळ्या सारख्या. ना थैली, ना तट्ट्या. सगळ्यांनी रांगेत बसायचं.

तट्ट्या काढला. शामलाच्या पायाखालची थैली ओढून बाहेर भिरकावली. माझी मी लुगड्यात लपवायला गेले, तर ती गर्दीत कुठे पडली ते कळलंच नाही. शामलाला दंडाला धरून रांगेच्या मधोमध, पंख्यासमोर बसवलं. ती थोडा वेळ बसली. मिरच्या हातात फुटायला लागल्या. मग तिनं किंकाळी फोडली, अशी की पंखाही क्षणभर ऐकू आला नाही. कान दाबून ती उठली आणि मागच्या पोत्यांच्या थप्पीआड जाऊन बसली. रुखमाबाई तिच्या मागे गेली.

"उद्या सेठ येऊन राहिला पंखा पाहाले," रुपराव म्हणाला. "रांगेत बसणं होत नसन तं पोट्टीले परवापासून आणू नका. माह्या हातात काही नाही."

संध्याकाळी वाटेत मी रुखमाबाईला गाठलं. शामला पुढे झपाझप चालत होती. मला वाटलं होतं रुखमाबाई शिव्या देईल. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू धडधाकट बाई," ती म्हणाली. "तुले बोलता येते, भांडता येते. हे काम गेलं तं दुसरीकडे जाशीन. तिच्याजवळ एवढं एकच होतं, अन् तेबी तुनं घेतलं."

"मी तिचं काही घेतलं नाही, मावशी. चिंचोके काय तिच्या एकटीच्या झाडाचे हायत?"

"चिंचोके नाही वं. ती झुलते तं देवी होती. तू झुलली तं नाटक झालं. अन् तुह्यापायी तिचंबी नाटक झालं."

"पण मलेबी त्रास होते!" मी ओरडले. "लंगड्याची काठी म्हाताऱ्यानं धरली तं लंगड्याचा पाय का बरा होते?"

"नाही होत," रुखमाबाई म्हणाली. "पण लोक म्हनतेत, पाय तं बराच होता."

मला राग आला. पण कोणावर काढू? ती खोटं बोलत नव्हती. मीही खोटं बोलत नव्हते. माझं डोकं खरंच भणभणत होतं आणि तिच्या पोरीचा कोपरा खरंच गेला होता.

"एकच कर," ती म्हणाली. "उद्या सेठसमोर सांग, मी टिंगल करत होतो. देवी खरी, मी खोटी. सेठ देवीले भेते. तट्ट्या परत लागन."

म्हणजे मी भर सातऱ्यावर ढोंगी ठरायचं, बहुतेक कामही जायचं, आणि वर ज्या देवीला आम्ही छप्पन सालीच रामराम ठोकला तिची साक्ष काढायची. तोंडात शब्द आला होता, बह्याड झाली काय मावशी. पण पुढे चालणारी शामला मला दिसत होती. तिची थैली बाहेर मातीत पडली होती, ती तिनं उचलून आणली होती आणि पोटाशी धरून चालली होती.

"सांगतो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ताराचंद सेठ आला. पांढरं धोतर, काळी टोपी, पायात करकरणारे जोडे. त्याच्यासाठी शेडात खुर्ची मांडली होती. सेठ बसला की त्याचा उजवा गुडघा सुरू व्हायचा. बोलताना, चहा पिताना गुडघा टकटक टकटक हलतच असायचा. इतवारीच्या गादीवरही तसाच हलतो, असं ट्रकवाले सांगायचे. रुपरावनं मोठ्या तोऱ्यात पंखा लावला. सेठ काहीतरी म्हणाला, ते कोणाला ऐकू आलं नाही. रुपराव काहीतरी म्हणाला, ते सेठला ऐकू आलं नाही. शेवटी रुपरावनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन देवीचं सगळं प्रकरण ओरडून सांगितलं. देवी म्हटल्याबरोबर सेठनं गुपचूप जोडे काढून खुर्चीखाली सारले.

शामला पोत्यांच्या थप्पीपाशी कान दाबून बसली होती. रुखमाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी उठले.

"सेठजी!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले. "मी झुलत होतो ते..."

पुढचा शब्द निघेना. जन्मात मी भांडण हरले असेन, खोटं बोलून जिंकले नव्हते. मी पुन्हा सुरुवात केली, "मी झुलत होतो ते नक्कल..."

तेवढ्यात शामला उठली. कानावरचे हात तसेच ठेवून ती रांगेतून, मिरचीच्या ढिगांमधून सरळ पंख्यापाशी गेली. एक हात कानावरून काढला आणि तिनं बटण बंद केलं.

पंखा घरघरत थांबला. बाहेरच्या बाभळीवरच्या चिमण्या एकदम ऐकू आल्या. पंखा आल्यापासून त्या तिथे आहेत हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

"देवी नाही," शामला म्हणाली.

आमच्यातल्या कित्येकींनी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. जाडसर, कोरडा आवाज. ती कोणाकडे पाहत नव्हती, पंख्याकडे पाहून बोलत होती.

"मले बरं वाटते," ती म्हणाली. मग माझ्याकडे बोट केलं. "हिलेबी वाटते."

रुखमाबाईनं कपाळावर हात मारला. इतके दिवस जपलेलं सगळं त्या दोन वाक्यांत गेलं होतं. पहिली बोलली ती बायजाबाई.

"देवी नाही?" ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "मंग माहे नारळ कोठी गेले वं?"

"मी खाल्ले," शामला म्हणाली.

कुसुमताईला जे हसू फुटलं ते आवरेना. तिचं पाहून दुसरी, मग तिसरी. पदराआड दाबून दाबून बाया हसत होत्या, पण शामला पुन्हा कानाकडे हात नेते आहे हे दिसलं आणि कोणी न सांगता रांग गप्प झाली. मला वाटलं आता बायजाबाईच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण ती खाली बसली, पाय पसरला आणि लुगड्याचा काठ वर केला. टाचेखाली थैली होती. माझी, हरवलेली.

"काल इथंच पडली होती," ती कोणाकडेही न पाहता म्हणाली. "म्हटलं पाहून तं घ्यावं नाटक कसं करतेत. सकाळपासून घोळवून राहिलो मी. गुडघ्याची कळबी गेली अन् जिवाची धाकधूकबी गेली. मलेबी बरं वाटते. आता काढा मले रांगेतून!"

ही तीच बायजाबाई, जी इतकी वर्षं माझ्या माठातलं पाणी पीत नव्हती. माझ्या हातची थैली मात्र सोडायला तयार नव्हती. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या दिवशी मी ते पुसलंही नाही.

"पंखा काहून बंद केला?" सेठला अखेर आठवण झाली. पण आवाजात धार नव्हती. तो कानात करंगळी घालून हलवत होता. माझं तोंड आता मोकळं झालं होतं.

"सेठजी, आता तुमचं तुमाले ऐकू येऊन राहिलं ना? आमालेबी येते. हा पंखा बाहेर अंगणात लावा, धूळ तिथंबी उडन. अन् या पोट्टीची मिरची पाहा. परवाची हाय, कोपऱ्यातली. अन् ही कालची, रांगेतली." मी तिच्या मिरचीची दोन सुपं भरून त्याच्यापुढे ठेवली. कोपऱ्यातली मिरची अख्खी, चकचकीत. रांगेतली फुटून तिचं बी सांडलेलं. "देवीनं नाही खुडली ही. हिनं खुडली. हिले तट्ट्या पाहिजे, थैली पाहिजे, बस्स."

"पण सगळ्याच झुलाले लागल्या तं..." रुपराव मध्येच म्हणाला.

"तं काय गा, सातरा पडन काय?" मी म्हटलं. "अन् झुलणाऱ्यांचंच म्हणशीन तं आधी सेठजीचा गुडघा पकड. आल्यापासून हलून राहिला तो!"

रुपरावचा चेहरा पांढराफटक पडला. सेठनं खाली पाहिलं. गुडघा टकटक हलत होता. त्यानं तो हातानं दाबून धरला, आणि हात काढल्याबरोबर तो पुन्हा सुरू झाला. सेठ आधी खाकरला, मग त्याला हसू आलं.

"आमची आई फार मारायची ह्याच्यासाठी," तो म्हणाला. "म्हणायची, पाय हलवला की लक्ष्मी जाते." त्यानं शेडभर पसरलेल्या पोत्यांच्या थप्प्या पाहिल्या. "काही गेलीबिली नाही." मग खुर्चीखालचे जोडे पायात घालत तो उठला. "रुपराव, पंखा अंगणात घे. पोरीचा तट्ट्या लाव. अन् सिंधूबाई, एक थैली इतवारीले पाठवून देजा. घरी सांगू नका कोणी."

तट्ट्या लावायला रुखमाबाई धावली आणि तिच्याआधी मी. आम्ही दोघींनी मिळून तो बांधला. सुतळीची गाठ मारताना तिचा हात माझ्या हातावर राहिला. दोघींचे हात मिरचीनं जळत होते.

तेवढ्यात कुसुमताई म्हणाली, "मंग कोपऱ्यातबी आळीपाळीनं बसू ना. मलेबी कंटाळा येते रांगेचा."

"नाही," मी म्हटलं. "थैली कोणीबी शिवा, कोणीबी घोळवा. ती शिवली तं कोणाची कमी होत नाही. कोपरा एकच हाय, तो तिचा. तिनं बोलावलं तं जा." रुखमाबाईचं कालचं उत्तर रात्रभर डोक्यात फिरत होतं, त्यातून मला एवढं गवसलं होतं. कुसुमताईनं तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्या दिवशी ती थैली शिवून आली. लाल छिटाची, वर टिकल्या लावलेली.

मग तो हंगाम असा गेला की काय सांगू! पंखा अंगणात, रांग शेडात, आणि प्रत्येकीच्या टाचेखाली चिंचोके. बोलणं चालू असायचं, पण हलक्या आवाजात. तट्ट्याआड शामला झुलायला लागली की तो ठेका हळूहळू अख्ख्या रांगेत उतरायचा. चिंचोक्यांचा कुरकुर आवाज आणि देठ तुटल्याचा टिकटिक आवाज, बस्स. वाटेनं जाणारे लोक थांबून पाहायचे आणि म्हणायचे, या सातऱ्यावरच्या झाडून सगळ्या बायांच्या अंगात आलं वाटते. आम्ही त्यांना काहीच सांगत नसू. दुपारी माझं डोकं भणभणत नसे आणि माझा ढीग शामलाच्या ढिगाच्या खालोखाल असायचा.

तट्ट्या परत लागल्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी बायजाबाई नेहमीसारखी नारळ घेऊन आली आणि तट्ट्यापाशी बसून फोडायला लागली.

"काय वं बायजाबाई," मी म्हटलं, "देवी नाही ना आता?"

"नसन तं नसन," ती नारळावर दगड घालत म्हणाली. "पोट्टीले खोबरं आवडते."